अक्का, ओटी राहिली

मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. सकाळ. औदुंबरचा घाट.

हजर: मी. स्नेहल, कालच साताऱ्याहून आली. स्नेहलचे बाबा, गाडी लावून मागून आले. तांबड्या फडक्यात बांधलेले आपल्या देवघरातले टाक. गैरहजर: तुम्ही.

अशी हजेरी मांडली की तुम्ही हसायचात. "सुमन, देवालाबी नंबर दिलास काय गं?" कुपवाडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून माझी ही सवय झाली आहे. नट-बोल्ट मोजून देणारी बाई नदीवर जातानाही टॉवेल, कोरडे कपडे, हळदीचा डबा असं कागदावर लिहूनच निघते. तुम्हाला कागद लागत नसे. तुम्ही सगळं तोंडपाठ घेऊन यायचात आणि काडेपेटी तेवढी विसरायचात. मग घाटावर कुणाच्या तरी पेटत्या उदबत्तीवर आपली उदबत्ती धरायची.

"दरवेळी कशा विसरता अक्का?"

"इसरत न्हाई. इस्तू दुसऱ्याकडनं घ्यावा. वळख हुती."

आज काडेपेटी होती. ओळख कुणाशी झाली नाही.

तुमचं जाणं गावाला फार आवडलं, अक्का. गोठ्यात शेण काढता काढता बसलात त्या उठलाच नाहीत. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला सांगत होती, "लय चांगलं मरण आलं. कुणाकडनं सेवा करून घेतली न्हाई." मी मान हलवत होते आणि मनात चडफडत होते. मला करायची होती सेवा. निदान आठवडाभर तरी दवाखान्यातल्या खाटेवर तुम्ही पडून राहायला हव्या होतात, उठून जायची सोय नाही अशा, म्हणजे आपलं भांडण पुरं करता आलं असतं. तुम्ही तेवढीही सवड दिली नाहीत. फाल्गुनातल्या सोमवतीला तोडलेलं बोलणं तसंच तुटलेलं ठेवून गेलात.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा थोरल्या म्हणून तुम्ही होतात. पलूसजवळच्या त्या घरात मला चूल पेटवता येत नव्हती, धार काढता येत नव्हती. तुम्ही कधी कुणाला ते कळू दिलं नाहीत. आम्ही दोघं नोकरीसाठी कुपवाडला राहायला गेलो तेव्हा स्नेहल रांगत होती. दोघांच्याही पाळ्या. तुम्ही तिला सरळ उचललीत. "शाळंत घालायच्या टायमाला ने," म्हणालात. तुम्हाला स्वतःचं मूल नव्हतं आणि भाऊजी नुकतेच गेले होते. मी शनिवारी यायची तेव्हा पोरगी तुमच्या लुगड्याला धरून माझ्याकडे पाहुण्यासारखी बघायची. ती तुम्हाला मोठ्याई म्हणायची. नदीत पहिली बुडी तिला तुम्ही शिकवलीत. नाक धर, गुडघं वाकीव, डोळं झाकू नको, नदीला बघ. ती आजही तशीच बुडी मारते, डोळे उघडे ठेवून. आज मी काठावरून बघितलं.

सोमवतीला घरचे देव नदीला न्यायची आपल्याकडची रीत तुमच्या-माझ्या आधीपासूनची. आदल्या दिवशी टाक चिंचेनं घासायचे, फडक्यात बांधायचे. घाटावर ते पाण्यात बुडवायचे, हळद लावून पुन्हा बुडवायचे. मग घरातल्या बाईनं कृष्णामाईची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. चिंच तुम्ही भिजवायचात. टाक तुम्ही घासायचात, बोटांची कातडी पांढरी होईपर्यंत. मांडीएवढ्या पाण्यात उतरून देवांना अंघोळ घालायची तीही तुम्हीच. उतरण्याआधी पाण्यावर तरंगणारे लोकांचे जुने हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या काठीनं बाजूला सारायचात, वर पुजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचात, "माईला माळ घालत्यात का गळफास?" आणि ओटीचं ताट बाहेर निघालं की तुम्ही पायऱ्या चढून वर. तिथं पाठमोऱ्या होऊन पदर पिळत उभ्या.

एकदाच ती ओटी तुम्ही भरलीत. भाऊजी गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. मला ताप होता, स्नेहल कडेवर रडत होती. "दे हिकडं, तू पोरीला घिऊन वर थांब," असं म्हणून तुम्ही माझ्या हातातलं ताट घेतलंत, खण-नारळ पाण्यात सोडलात, नमस्कार केलात आणि आलात. एवढंच. त्या पावसाळ्यात पूर आला. उसात पाणी उभं राहिलं, आपल्या घराच्या उंबऱ्याला लागलं. गल्लीतल्या कुणाला तरी उन्हाळ्यातलं ताट आठवलं. "इधवेच्या हातचा खण घेतलाय नदीनं, आता घर बघाया आली." पाणी ओसरल्यावर आपल्या सासूबाई, आत्याबाई, तुम्हाला घाटावर घेऊन गेल्या आणि चार लोकांदेखत पायरीवर नाक घासायला लावलं. मी मध्ये पडायला पुढे झाले तर तुम्ही डोळ्यांनीच मला थांबवलंत.

घरी येऊन तुम्ही भाकरीचं पीठ मळायला घेतलंत. नाकाचं साल गेलं होतं, मी त्यावर हळद लावत होते. तेव्हा म्हणालात, "पाणी समद्या गावाच्या घरात शिरलं गं सुमन. समद्यांनीच वटी भरली हुती का काय?" आणि हसलात. पिठाचे हात तोंडाशी नेऊन, आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

ते हसणं मी जपून ठेवलं होतं. ते हसणारी बाई आत कुठंतरी सगळं ओळखून आहे, वेळ आली की ती उठेल, अशी माझी खात्री होती. आणि वेळ आली तेव्हा तुम्ही उठलातही. स्नेहलचा नवरा साताऱ्याला हायवेवर अपघातात गेला. तिच्या सासरच्या बायका दगड घेऊन बांगड्या फोडायला आल्या. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात.

"पोरीच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई."

"आवं मावशी, रीत हाय."

"आसंल. बांगड्या तिच्या हाईत, कवा काढायच्या ती बघंल. तुमी च्या घेतासा का?"

त्यांनी चहा घेतला. दुसरं काय करणार होत्या? मग तुम्ही महिनाभर तिथंच राहिलात. तिला घास भरवलात, तिच्या अंगावर हात टाकून झोपलात. तिला पॅथॉलॉजीतल्या नोकरीवर परत पाठवलंत तेव्हा दारात डबा घेऊन तुम्हीच उभ्या. अक्का, ते ऋण मी कुठल्याच यादीत मांडू शकत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

फाल्गुनातली सोमवती. नवरा गेल्यानंतर स्नेहल पहिल्यांदाच नदीला आली होती. घाट भरून वाहत होता. कडेगावकडून टेम्पो भरून माणसं आली होती, कुठल्याशा गावची खंडोबाची पालखी पाण्यात उतरली होती, भंडाऱ्यानं पाणी पिवळं झालं होतं, येळकोटच्या आरोळ्यांत बोललेलं ऐकू येत नव्हतं. स्नेहल बुडी मारून वर आली. केसांतून पाणी गळत होतं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून ओटीचं ताट उचललं.

तुम्ही ते तिच्या हातातून काढून घेतलंत.

"माघारी सर. हे तुजं न्हवं आता."

"मोठ्याई?"

"सर म्हणलं न्हवं?"

भोवतीच्या बायकांनी माना वळवल्या. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. ती पायऱ्या चढून वर गेली, नेमकी तिथं, जिथं तुम्ही इतकी वर्षं पदर पिळत उभ्या राहायचात.

मी म्हणाले, "अक्का, ताट द्या तिचं तिला."

"सुमन, लोकं बघत्यात."

"बघू द्यात. साताऱ्यात काय बोलला होतात?"

"ते घरात हुतं."

"विधवेच्या हातानं देव घासलेले चालतात, आणि नदीला नारळ चालत नाही होय?"

"देव आपलं हाईत," तुम्ही म्हणालात. "नदी समद्या गावाची हाय."

मी तुम्हाला कधी अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवशी भर घाटावर म्हणाले, "अगं, तुझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली पोर आहे ती!" तुम्ही ताट माझ्यासमोर धरलंत. मी हात पुढे केला नाही. शेवटी तुम्ही शेजारच्या कुणा अनोळखी सवाष्णीला विनवून तिच्याकडून आपल्या घरची ओटी भरून घेतलीत. ती बाई कोण, कुठली, आजही मला माहीत नाही. घरची पोरगी चालली नाही, वाटेवरची बाई चालली.

गाडीत सगळ्यांच्या मांडीवर ओले कपडे. पलूसच्या अलीकडे तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "तुला काय म्हाइती हाय सुमन." मी म्हणाले, "मला सगळं माहिती आहे. हळद मी लावली होती." तेवढंच.

तेव्हापासून मी हा एकच हिशेब करत बसले आहे. तुम्ही तिला वाचवत होतात का? उद्या पुन्हा पूर आला, कुणाचं पोर आजारी पडलं, तर लोकांची बोटं तिच्याकडे वळतील, पुन्हा कुणाचं तरी नाक पायरीवर जाईल, म्हणून? तसं असेल तर घरी आल्यावर तिला जवळ घेऊन ते सांगायला तुमचं काय जात होतं? की इतकी वर्षं वर उभं राहून राहून ती जागा तुम्हाला खरीच वाटायला लागली होती, आणि तुमच्यानंतर तिथं कुणीतरी उभं असायला हवं होतं? पहिलं उत्तर खरं धरलं तर मला तुमची कीव येते. दुसरं धरलं तर तुमचा फोटोसुद्धा भिंतीवर नको वाटतो. आणि तुमच्या चुलीपाशी बसले की दोन्ही खरी वाटतात.

त्यानंतर आपण फोनवर बोललो ते फक्त कामाचं. युरिया आला का. पाळीचं पाणी कधी आहे. गॅसचा नंबर लावलाय. शेवटचा फोन तुमचा होता, गणपती उठल्यावर.

"चिंच संपलीया. येताना आण."

"आणते."

"स्नेहल आलीया का?"

"आहे इथंच."

"दे तिला."

मी फोन पुढे केला. स्नेहलनं मान हलवली आणि आत निघून गेली. मी म्हणाले, "नको म्हणते." तुमच्यापुढे मला खोटं बोलायचं नव्हतं. गोठ्यातली म्हैस ओरडलेली ऐकू आली.

"बरं," म्हणालात. "न्हाई तर न्हाई. जेवलीया का इचार."

ती चिंच मी घेतली. घेऊन येईपर्यंत तुम्ही गेला होतात. काल त्याच चिंचेनं टाक घासले. तुमच्यासारखे उजळले नाहीत. खंडोबाच्या घोड्याच्या पायांत काळं राहिलं, तिथं बोट जात नाही. तुम्ही काय वापरायचात ते विचारायचं राहिलं.

आजचं सगळं मी ठरवून आणलं होतं, अक्का. खण नवा, नारळ नवा. स्नेहलला फोन करून सांगितलं, या वेळी ये, मोठ्याई गेल्यानंतरची पहिली सोमवती आहे. ती आली. मला वाटलं, आज ताट तिच्या हातात देते आणि तुम्ही अर्धवट सोडलेलं भांडण जिंकून मोकळी होते. लोक बघतात तर बघोत. उलट बघायलाच हवेत.

पाणी थंड होतं. काठाला फेस साचला होता, त्यात कुणाचेतरी झेंडूचे हार अडकले होते. मी काठी शोधली आणि सारले बाजूला. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या हाताला धरून उतरत होत्या, लुगड्याचा आडोसा करून पोरीबाळी कपडे बदलत होत्या. स्नेहल पाण्यात उतरली, टाक तिनंच न्हाऊ घातले, हळद तिनंच लावली. ती बाहेर आली तेव्हा मी ताट पुढे केलं.

"हे काय?"

"ओटी. तू भर."

"मी?"

"हो. कोण अडवतंय बघते मी."

तिनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या ओठांना थंडीनं कापरं भरलं होतं.

"आई, मोठ्याईनं ताट काढून घेतलं, तू हातात देतीयेस. मला विचारलं का कुणी?"

"आता विचारते की."

"आता नाही विचारत तू. तुझं ठरवून झालंय. त्या बायका बघतायत का, तेच बघतीयेस मघापासनं." मग जरा नरम होऊन म्हणाली, "मला बुडी मारायची होती. मारली. बास."

"कुणाच्या नावानं मारलीस?"

"तुला यादीत लिहायचंय का?"

मागं हे उभे होते. म्हणाले, "टॉवेल दे तिला आधी." मी टॉवेल दिला.

घाटाच्या वरच्या अंगाला ओटीचं साहित्य विकणारी ताराबाई बसते, जिच्याशी तुम्ही दर खेपेला नारळ हलवून हलवून भांडायचात. मी नारळ परत करायला तिच्याकडे गेले. वाया कशाला घालवायचा?

"वटी भरली न्हाई व्हय?" ती म्हणाली. "आन् थोरल्या बाई कुठं हाईत? दिसल्या न्हाईत त्या."

"गेल्या. दसऱ्याच्या आधी."

"आगं बया!" तिनं नारळ खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला. मग पाठीमागच्या पोत्याखाली हात घालून चाचपडायला लागली. "मग हे तुमाकडंच दिलं पायजे."

कागदात गुंडाळलेला खण होता. हिरवा, लाल काठाचा.

"श्रावणातल्या सोमवतीला आल्या हुत्या. एकट्याच, यष्टीनं. पाणी लय चढलं हुतं, खालच्या पायऱ्या समद्या बुडाल्या हुत्या. वटीचं समदं सामान घेतलं आन् माझ्यापाशी बसून राह्यल्या. मी म्हणलं, बाई, सोडा की आता, का पाण्याचं भ्या वाटतंय? तर म्हणल्या, ही माजी न्हवं. पोरीची हाय. ती आली तर दे तिला."

"मग तुम्हीच का देत नाही, असं नाही विचारलंत?"

"इचारलं की. म्हणल्या, माझ्या हातनं घ्यायची न्हाई ती. आन् म्या दिली तर ती भरंल, माझं मन राखाया. ते नगं. तिला वाटलं तर."

मी खणावरचा कागद पुन्हा गुंडाळला.

"नारळ मातूर इकला बरं का," ताराबाई म्हणाली. "नासला आसता. तांदूळ चिमण्यास्नी टाकलं. खण तेवढा ठिवलाय. तुमचा ह्यो नारळ घ्या, त्याच्या बदल्यात."

माझाच नारळ मला देऊन चुकता केलेला हा हिशेब ऐकून तुम्ही तिच्याशी अर्धा तास वाद घातला असतात. मी मुकाट्यानं नारळ पिशवीत टाकला.

अक्का, मला तुमचा राग आला. पहिल्यापेक्षा जास्त. भर घाटावर तिला मागं सारायला तुमचा आवाज चांगला खणखणीत होता. "तुला वाटलं तर भर" एवढं म्हणायला मात्र तुम्ही एकट्या एसटीनं आलात, पुराच्या पाण्यापुढे बसलात आणि एका दुकानदारणीच्या पोत्याखाली ते ठेवून गेलात. गणपतीनंतर फोन केलात तेव्हा हेच सांगायचं होतं का? तर मग मला सांगायचंत. मी ओरडून तिला आतून बोलावलं असतं. तुम्ही "जेवलीया का" विचारलंत आणि ठेवून दिलात. आणि जे मला आज सकाळी सुचलं नाही ते तुम्हाला श्रावणातच कळलं होतं, याचाही मला राग आला. पोर तुम्ही वाढवलीत, हे तुम्ही गेल्यावरही मला दाखवून द्यायची काही गरज नव्हती.

परत येताना उसाच्या ट्रॅक्टरमागं आम्ही बराच वेळ अडकलो. स्नेहल पुढच्या सीटवर केस मोकळे सोडून बसली होती. खण मी पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता, ओल्या कपड्यांनी भिजू नये म्हणून. ती एकदा मागं वळून म्हणाली, "मोठ्याई इथं उसाचं कांडकं मोडून द्यायची ट्रॅक्टरवरचं. ड्रायव्हर शिव्या द्यायचा." आणि हसली. तुमच्यासारखी, हात तोंडाशी नेऊन. मी पिशवीत हात घातला होता. पण तिचं हसणं चालू होतं, आणि हातातला खण दाखवला की ते थांबणार हे मला दिसत होतं. हात बाहेर काढला.

आता घरी आहे. टाक देव्हाऱ्यात बसले. ओले कपडे दोरीवर. नारळ हलवून बघितला, पाणी आहे. स्नेहल आत बॅग भरते आहे, उद्या सकाळच्या गाडीनं साताऱ्याला जाईल. खण माझ्या मांडीवर आहे. तिला द्यायचा आहे, तुमचा म्हणून सांगायचं आहे, आणि दिल्यावर गप्प बसायचं आहे. यातलं शेवटचं मला जमेल असं वाटत नाही, म्हणून पहिलं अजून झालेलं नाही.